तलाक, खुला की फस्ख? सीमाभागातल्या बाईनं सही करण्याआधी काय बघावं

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात निपाणीची एक मुलगी भेटली. मांडीवर दीड वर्षाचं पोर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला शंभर रुपयांचा बाँड. सासर पलीकडे कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि माहेर निपाणीत. घरात दखनी बोलते, शाळा मराठीतून सातवीपर्यंत झालेली, कानडी बाजारापुरतं येतं. बाँडवरचा मजकूर मात्र सगळा कानडीत. "आपा, हे तलाकचं पत्र हाय न्हवं? जरा वाचून सांगा की ओ," म्हणाली.

मी वाचला. त्यात तीन वाक्यं कामाची होती. आम्ही दोघे राजीखुशीनं वेगळे राहत आहोत. मेहर पूर्ण मिळाला. यापुढे पोटगी मागणार नाही. खाली तिची सही. मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची कबूल केलेली रक्कम, ठरला होता ७,७८६ रुपये आणि त्यातला एक रुपयाही तिच्या हातात पडलेला नव्हता. "निस्ती सही कर, म्हणजे तू मोकळी," असं नवऱ्यानं सांगितलं, आणि तिनं केली.

मी वकील नाही. विधी सेवेच्या कामात बायकांना अर्ज लिहून देते, कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते दाखवते. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. मुसलमानांत लग्न संपवायच्या वाटा पाच-सहा आहेत आणि प्रत्येक वाटेवर मेहरचा, पोटगीचा आणि पुन्हा एकत्र येण्याच्या मुभेचा हिशेब वेगळा आहे. आपल्याकडे मात्र सगळ्यालाच सरसकट 'तलाक' म्हणतात. कुठल्या वाटेनं चाललो आहोत हे न विचारता बाई सही करते आणि तिथंच तिचं नुकसान होतं. म्हणून आधी वाटेचं नाव विचारायचं. तोंडातून शब्द, कागदावर सही, हे सगळं त्यानंतर.

आधी कागद जमवा

भांडण तापलेलं असताना कागदाचं कुणाला सुचत नाही. पण सासरच्या घरातून एकदा बाहेर पडलं की कपाटाची किल्ली आपली राहत नाही. म्हणून हे काम पहिलं.

निकाहनामा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या भागात तो बहुतेक उर्दूत असतो. मेहरची ओळ शोधा. रक्कम किती, आणि ती निकाहच्या वेळी अदा झाली की बाकी ठेवली, ते तिथंच लिहिलेलं असतं. काझींच्या किंवा मशिदीच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद असते, तिथून नक्कल मागता येते. निकाह कुणी पढवला, वकील (निकाहात मुलीच्या वतीनं बोलणारा) आणि गवाह (साक्षीदार) कोण होते, त्यांची नावं वहीत लिहून ठेवा. रजिस्टर गहाळ झालं तर हीच माणसं साक्ष देतील. कर्नाटक सरकारनं २०२३ मध्ये वक्फ बोर्डाला विवाह प्रमाणपत्रं द्यायचा अधिकार दिला होता, पण २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. तुमच्याकडे तसं प्रमाणपत्र असेल तर त्या एकाच कागदावर विसंबू नका. निकाहनामा, लग्नाचे फोटो आणि आमंत्रणपत्रिकाही जोडा.

मग दागिने आणि भांडी. माहेरहून काय आलं, सासरनं काय घातलं, नातेवाइकांनी काय दिलं, याची यादी बसून करा. सोनाराची पावती असेल तर उत्तम, नसेल तर दागिने घातलेला लग्नातला फोटो. मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड आणि आधार यांच्या झेरॉक्स माहेरी ठेवा.

नवऱ्याची कमाई सिद्ध करणं सगळ्यात अवघड जातं. उद्यमबागेतल्या कारखान्यात असेल तर पगारपत्रक असतं. गोव्यात गवंडीकाम, मागावर रोजंदारी, आखातात ड्रायव्हर असेल तर कागद हाती लागत नाही. अशा वेळी त्यानं बँकेत पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, फोन-पेचे जुने व्यवहार, गाडीचं आरसी, जमिनीचा उतारा, जे मिळेल ते. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं लागतं. नवरा तिथं खोटं लिहील तेव्हा हीच कागदपत्रं बोलतात. तुम्ही विड्या वळून चार पैसे मिळवत असाल तर तेही खरं लिहा. तेवढ्यानं पोटगी बुडत नाही, खोटं उघडं पडलं तर मात्र सगळ्याच म्हणण्यावर संशय येतो.

नवरा सोडतो तेव्हा: तलाक

नवऱ्यानं द्यायच्या तलाकचे तीन प्रकार ऐकायला मिळतात.

तलाक-ए-अहसन म्हणजे पाळी संपून बाई शुद्ध असण्याच्या काळात, त्या काळात संबंध आलेला नसताना, एकदाच तलाक उच्चारायचा आणि इद्दत संपेपर्यंत दूर राहायचं. इद्दत म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायची मुदत, तीन पाळ्यांची. पाळी येत नसेल तर चांद्र हिशेबानं तीन महिने, दिवस गेलेले असतील तर बाळंत होईपर्यंत. या मुदतीत नवरा शब्द मागे घेऊ शकतो. त्याला रुजू म्हणतात. मुदत संपली तरी, पुढे दोघांना पटलं तर नवा निकाह आणि नवा मेहर ठरवून पुन्हा संसार करता येतो, मध्ये दुसऱ्या कुणाशी लग्न लागायची गरज नसते. ज्या घरात चूक भांडणाची आहे आणि माणूस मुळात वाईट नाही, त्या घरासाठी ही एकच वाट मला शहाणपणाची वाटते. जमातीतल्या, म्हणजे गावच्या मुस्लिम समाजाच्या पंचायतीतल्या, वडीलधाऱ्यांना मी हेच सांगत आले आहे.

तलाक-ए-हसनमध्ये लागोपाठ तीन शुद्ध काळांत एकेकदा उच्चार होतो. तिसऱ्यांदा उच्चारला की परतीची वाट बंद. याविरुद्धच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आहेत. वकिलामार्फत दर महिन्याला एकेक नोटीस पाठवून 'हसन' दिल्याचा दावा होतो, तेव्हा प्रत्येक नोटिशीचं पाकीट तारखेच्या शिक्क्यासकट जपून ठेवा.

या दोन्ही प्रकारांना एक पूर्वअट आहे आणि ती आपल्याकडे सर्रास पायदळी तुडवली जाते. कुराणात सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीत सांगितलं आहे की, वितुष्टाची भीती असेल तर एक पंच नवऱ्याच्या घरचा आणि एक बायकोच्या घरचा नेमा. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये याच तत्त्वावर सांगितलं की तलाकला रास्त कारण हवं, आधी दोन्ही बाजूंच्या पंचांनी समेटाचा खरा प्रयत्न केलेला हवा आणि तलाक प्रत्यक्ष उच्चारलेला हवा. 'मी हिला पूर्वीच तलाक दिलाय' असं पोटगीच्या खटल्यात जबाबात लिहून टाकलं म्हणजे तलाक झाला असं होत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानंही, तलाक दिला म्हणणाऱ्यानं या सगळ्या पायऱ्या पुराव्यानिशी सिद्ध कराव्यात असं ठरवलं. म्हणून नवरा 'तलाक दिला' म्हणत असेल तर चार गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. कधी दिला, कुणासमोर, कारण काय, पंच कोण होते. बहुतेक वेळा चौथ्या प्रश्नाला उत्तर नसतं.

तिसरा प्रकार तलाक-ए-बिद्दत, एका दमात तीनदा. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी तो रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा केला. तोंडी असो, चिठ्ठीवर असो, व्हॉट्सॲपवर असो, तो शून्य आहे. शून्य म्हणजे निकाह जसाच्या तसा टिकून आहे. तुम्ही अजून बायको आहात, घरातून बाहेर पडायची गरज नाही, इद्दतीला बसायची गरज नाही आणि हलाला (दुसऱ्याशी निकाह लावून, तो मोडून मग पहिल्या नवऱ्याकडे परतायचं) नावाच्या अपमानातून जायचं तर काहीच कारण नाही. गावात कुणी कितीही सांगो.

असं झालं तर मेसेज पुसू नका, फोन विकू नका, रीसेट करू नका. स्क्रीनशॉट काढून भावाच्या फोनवर पाठवा, पण मूळ फोन जपा, कोर्टात तो लागतो. पोलिसांत तक्रार स्वतः बायकोनं किंवा तिच्या रक्ताच्या अगर लग्नाच्या नात्यातल्या माणसानं दिली तरच अटकेचा गुन्हा होतो, शेजाऱ्यानं दिलेली चालत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. बायकोचं म्हणणं ऐकल्याशिवाय मॅजिस्ट्रेट जामीन देत नाहीत. पुढे तिला तडजोड करावीशी वाटली तर तिच्याच इच्छेनं, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीनं प्रकरण मिटवता येतं. याच कायद्याखाली ती स्वतःसाठी आणि मुलांसाठी निर्वाहभत्ता आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मागू शकते. तलाक उच्चारण्याचा हा गुन्हा नवऱ्याचाच आहे, त्यामुळे रागाच्या भरात सासू-नणंदेची नावं या कलमाखाली घालू नका. त्यांनी मारहाण केली असेल, छळ केला असेल तर त्याला वेगळी कलमं आहेत, तिथं घाला.

बाईला सोडायचं आहे: खुला

खुल्यात बायको स्वतः विवाहातून बाहेर पडायची मागणी करते आणि बहुधा मेहर परत करते किंवा राहिलेला सोडते. इथं एक चाल मी वारंवार बघते. सोडायचं असतं नवऱ्याला, दुसरा निकाह ठरलेला असतो, पण तो तलाक देत नाही. बाईला इतकं हैराण करतो की तीच म्हणते, मला खुला द्या. मग मेहर वाचला, इद्दतीचा खर्च टाळायला बघायचं आणि वर 'तिनंच सोडलं' म्हणायला मोकळा. म्हणून खुल्याचा शब्द काढण्याआधी एक रात्र थांबा. सोडायची गरज नक्की कुणाला आहे? नवऱ्याला असेल तर त्यानं तलाकची पायरी चढावी आणि मेहर द्यावा. त्यानं मारहाण केली असेल, वर्षानुवर्षं खर्च दिला नसेल तर तुम्ही खुल्यानं मेहर का सोडायचा? तुमच्यासाठी १९३९ चा कायदा आहे. त्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट म्हटलं आहे की या कायद्यानं विवाह संपला तरी मेहरचा हक्क शाबूत राहतो.

खुला नवऱ्याच्या मान्यतेशिवाय होतो का, यावर उच्च न्यायालयांत एकवाक्यता नाही. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बायकोचा हा हक्क कोर्टाबाहेरही मान्य केला, तेलंगणा उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये तो नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नाही असं म्हटलं. मद्रास उच्च न्यायालयानं मात्र २०२३ मध्ये सांगितलं की खासगी शरियत कौन्सिलनं दिलेल्या खुल्याच्या दाखल्याला कायद्यात जागा नाही, बाईनं कौटुंबिक न्यायालयात जावं. इतक्या मतभेदात आपल्यासारखीनं काय करावं? जमातीत खुला झाला असला तरी कौटुंबिक न्यायालयातून विवाह संपल्याची घोषणा करून घ्यावी. उद्या दुसरं लग्न, पासपोर्ट, मुलांच्या शाळेचे कागद, सगळीकडे कोर्टाचा शिक्का चालतो आणि जमातीच्या लेटरहेडवर प्रश्न विचारले जातात.

जमातीकडे किंवा दारुल कझाकडे (शरियतप्रमाणे निवाडा सांगणाऱ्या खासगी मंडळाकडे) जाऊच नका असं मी म्हणत नाही. चांगल्या बुजुर्गांनी दोन बैठकांत सोडवलेली भांडणं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की तिथल्या फतव्याला कायद्याचं बळ नाही आणि तो कुणावर लादता येत नाही. समेटाला जमात, हक्काला कोर्ट, एवढं ध्यानात ठेवलं तर गोंधळ होत नाही. बैठकीत काय ठरलं ते कागदावर घ्या, हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. पंचांनी समेटाचा प्रयत्न केला की नाही, याचाही तो पुरावा होतो.

दोघांनाही नको: मुबारात

दोघांनी मिळून वेगळं व्हायचं ठरवलं तर ती मुबारात. भांडणापेक्षा बरी वाट, फक्त करारनामा नीट हवा. त्यात बाकी मेहर किती आणि कुठल्या तारखेला कसा दिला, दागिन्यांची यादी आणि ते परत मिळाल्याची नोंद, इद्दतीचा खर्च, पुढच्या तरतुदीची रक्कम, मुलं कुणाकडे, दुसऱ्यानं कधी भेटायचं, मुलांच्या शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च कोण देणार, हे आकड्यांसकट यायला हवं. पैसे बँकेतून घ्या. 'रोख मिळाले' असं लिहून सही करायची असेल तर आधी पैसे मोजा, मग पेन उचला. मुलांची पोटगी आईनं सोडली असं लिहिता येत नाही. तो मुलांचा हक्क आहे, आईचा नाही. करारनामा झाला की दोघांनी मिळून कौटुंबिक न्यायालयात अर्ज देऊन विवाह संपल्याची घोषणा मागावी.

एक दुर्मीळ वाटही आहे, तलाक-ए-तफवीज. निकाहनाम्यातच नवऱ्यानं काही अटींवर तलाकचा अधिकार बायकोला दिलेला असतो. लेकीचा निकाह ठरवत असलेल्या बापांनी ही अट घालायचा विचार जरूर करावा. ती धर्मात बसते.

कोर्टातून सुटका: १९३९ चा कायदा

मुस्लिम विवाह विच्छेद अधिनियम हा ब्रिटिशांच्या काळातला, पण आजही बाईच्या हातातलं सगळ्यात भरवशाचं साधन. याला फस्ख म्हणतात. नवऱ्याची संमती लागत नाही. त्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, दोन वर्षं त्यानं पोसलं नसेल, सात वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल, तीन वर्षं कारणाशिवाय वैवाहिक कर्तव्य पाळलं नसेल, लग्नापासून तो नपुंसक असेल, दोन वर्षं वेडसर असेल किंवा त्याला गंभीर गुप्तरोग असेल, तर लग्न मोडून मागता येतं. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये वगळलं गेलं.

आणि छळ. आमच्याकडची बहुतेक प्रकरणं यातच बसतात. या कायद्यातला छळ फक्त मारापुरता नाही. बायकोची मालमत्ता विकून टाकणं, त्या मालमत्तेवरचे तिचे कायदेशीर हक्क तिला वापरू न देणं, तिच्या धर्माचरणात आडकाठी करणं, एकीपेक्षा जास्त बायका असतील तर समान न वागवणं, हेही छळात धरलेलं आहे. न विचारता सोनं गहाण ठेवून विकून टाकलं असेल तर ते अर्जात ठळक लिहा. बायका ते 'घरातलंच' म्हणून सांगत नाहीत.

दोन वर्षं न पोसल्याचं कारण सगळ्यात सोपं, कारण ते सिद्ध करायला मारहाणीच्या साक्षी लागत नाहीत. माहेरी कधी आलात ती तारीख, तेव्हापासून पैसे आले नाहीत हे दाखवणारं पासबुक आणि घरखर्च उचलणाऱ्या भावाची किंवा वडिलांची साक्ष. नवरा बेपत्ता असेल तर त्याच्या वारसांनाही नोटीस काढावी लागते आणि हुकूम झाल्यावर सहा महिने तो अमलात येत नाही. त्या मुदतीत नवरा परत येऊन नांदवायला तयार असल्याचं त्यानं कोर्टाला पटवलं तर हुकूम रद्द होतो.

प्रत्यक्ष रीत अशी. प्रत्येक तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला प्राधिकरण असतं. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे. फोनवर विचारायचं तर १५१००. बेळगावात कौटुंबिक न्यायालय आहे. तुमच्या तालुक्याचा दावा तिथं चालेल की तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात, ते समितीतच विचारून घ्या. अर्ज दाखल झाला की नवऱ्याला समन्स जातं, मग समुपदेशनाच्या तारखा पडतात. न्यायालयानं आधी समेटाचा प्रयत्न करायचाच असतो. तिथं गप्प बसू नका, सगळं सांगा. सुनावणी बंद खोलीत व्हावी असं वाटलं तर तशी मागणी करता येते. कौटुंबिक न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात अपील तीस दिवसांत. बेळगाव आणि कारवारकडच्यांचं अपील धारवाड खंडपीठात जातं, बिदरकडच्यांचं कलबुर्गीला.

मेहर, इद्दत आणि पोटगी

'इद्दतीचे तीन महिने पैसे दिले की नवरा सुटला' ही समजूत अजून घट्ट आहे. तलाक झालेल्या मुस्लिम बाईसाठीच्या १९८६ च्या कायद्यात इद्दतीच्या मुदतीत 'रास्त आणि न्याय्य तरतूद आणि पोटगी' असे शब्द आहेत. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं त्याचा अर्थ सांगितला. तरतूद करायची इद्दतीच्या आत, पण ती बाईच्या पुढच्या आयुष्याला पुरेल अशी. याखेरीज बाकी मेहर आणि लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर तिला मिळालेल्या सगळ्या वस्तू परत. याचा अर्ज तलाक झालेली बाई जिथं राहते तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे.

दुसरी वाट महिन्याच्या पोटगीची. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. तलाक झालेल्या मुस्लिम बाईलाही ही पोटगी मागता येते हे सर्वोच्च न्यायालयानं १० जुलै २०२४ रोजी निर्विवाद केलं. पुन्हा लग्न होईपर्यंत ती मिळू शकते. तात्पुरत्या पोटगीचा अर्ज मुख्य अर्जाबरोबरच द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. हुकूम होऊनही पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायला हवा. लाजेखातर थांबून थांबून वर्ष उलटून गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांचे हक्काचे पैसे हातचे गेले.

मेहर दिला म्हणजे जबाबदारी संपली का? कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की मुस्लिम विवाह हा करार असला तरी तो मोडल्यावर नवऱ्याची सगळी कर्तव्यं मेहरबरोबर विरून जात नाहीत.

मुलांच्या ताब्याबद्दल थोडक्यात. हनफी रीतीत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते, पण कोर्ट शेवटी मुलाचं हित बघतं.

सीमेच्या अल्याड-पल्याड

आपली निम्मी सोयरीक कागल, गडहिंग्लज, चंदगड, कोल्हापूरकडे. त्यामुळे 'केस कुठं करायची' हा प्रश्न इथं दर घरात निघतो. पोटगीचा अर्ज बायको जिथं राहते तिथं, नवरा राहतो तिथं किंवा दोघं शेवटचे एकत्र राहिले तिथं करता येतो. घरगुती हिंसाचाराचा अर्ज तर तुम्ही तात्पुरत्या राहत असाल तिथंही चालतो. म्हणजे नांदायला कागलला असलेल्या निपाणीच्या लेकीला कोल्हापूरला हेलपाटे घालायची गरज नाही. उलट, नवऱ्यानं तिकडे दावा टाकला आणि तुम्हाला लेकरू घेऊन तारखा करणं झेपत नसेल, तर दावा दुसऱ्या राज्यात बदलून द्यायचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाला आहे. तिकडच्या निकालावरचं उच्च न्यायालयातलं अपील आता ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्याच सर्किट बेंचकडे जातं, मुंबई गाठावी लागत नाही.

भाषेचं दुखणं आपल्या सगळ्यांचंच आहे. खालच्या कोर्टात कामकाज कानडीत आणि इंग्रजीत. मराठी किंवा उर्दू कागद द्यायचा तर भाषांतर जोडावं लागतं, ते आधीच करून ठेवा म्हणजे तारीख वाया जात नाही. साक्ष देताना कानडी जमत नसेल तर न्यायाधीशांना तसं सरळ सांगा आणि दुभाषी मागा. लिहिलेली साक्ष आपल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. अर्जात नाव, गावाचं स्पेलिंग आणि पत्ता आधारवर आहे तसाच घाला, तिथं 'बेळगावी' असेल तर तेच. तोंडानं आपण बेळगावच म्हणणार.

निकाल लागला की नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि तीन सहीशिक्क्याच्या प्रती घ्या. एक बँकेच्या कामाला, एक रेशनकार्ड वेगळं करायला, एक ट्रंकेत.

निपाणीच्या त्या मुलीचा बाँड आम्ही मराठीत उतरवून तिला वाचून दाखवला. 'राजीखुशीनं वेगळे राहतो' हे पहिलंच वाक्य सगळ्यात घातक होतं, कारण परस्पर संमतीनं वेगळ्या राहणाऱ्या बायकोला कलम १४४ ची पोटगी नाकारता येते. पोटगी सोडल्याच्या करारानं हा हक्क संपत नाही असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे, तेव्हा तिसऱ्या वाक्याची तेवढी भीती नव्हती. निपाणीच्या कोर्टात द्यायच्या अर्जात आम्ही सरळ लिहिलं: मजकूर कानडीत होता, वाचून दाखवला नाही, मेहर मिळाला नाही, मी मर्जीनं वेगळी राहत नाही, मला घराबाहेर काढलं. बाँडाची झेरॉक्स आणि भाषांतर अर्जाला जोडलं. निघताना तिनं तो बाँड पिशवीतून काढला आणि फाडू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, फाडू नको बेटी, घडीही मोडू नको, तारखेला असाच घेऊन ये.